आरशातला हात

त्या गुरुवारी संध्याकाळी दुर्गाबाईंच्या घरी इतकी माणसं जमली, की चपलांची रांग तिसऱ्या मजल्यावरून निघून दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या दारापर्यंत पोचली. विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला सात माणसं यायची, आणि त्यातली दोन चहासाठी. आज हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. सोफा गॅलरीत ढकलला होता, टीव्हीवर चादर टाकली होती. भिंतीवरचे फोटो, घड्याळ, वारली चित्राची फ्रेम असं सगळं उतरवून एका कोपऱ्यात रचलं होतं. भिंतींवर नुसते खिळे उरले होते.

मध्यभागी चौरंगावर लाल फडक्याखाली काही आरसे होते आणि चौरंगामागे सुदर्शनजी बसले होते.

सुदर्शनजींनी भगवं वगैरे काही घातलं नव्हतं. इस्त्रीचा मोतिया कुडता, कॉलरला चिमुकला माईक, समोर मोबाईलचा स्टँड. आळंदी रस्त्यावर त्यांचं मोठं दुकान होतं. आरसे, फ्रेमा, भिंतीवर लावायच्या शोभेच्या वस्तू. पाटीवर लिहिलं होतं, ‘घर सजवा, ग्रह सजवा’. वरच्या मजल्यावर ग्रह सजवायचा विभाग होता.

"आरसा म्हणजे काय?" सुदर्शनजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, "आर म्हणजे आरपार. सा म्हणजे साक्षात. जे आरपार आहे ते साक्षात दाखवतो तो आरसा. तुम्ही त्यात भांग पाडता. परदेशातले मोठमोठे शास्त्रज्ञ आज मान्य करतायत, की काचेला स्मरणशक्ती असते."

"कोणते शास्त्रज्ञ?" मागून बापूरावांनी विचारलं. बापूराव सोसायटीचे सेक्रेटरी, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

"नावं सांगितली तर त्यांच्या नोकऱ्या जातील, काका."

"बरोबर आहे. आजकाल नोकऱ्या कुठे मिळतात," बापूराव म्हणाले. थोडे लोक हसले. सुदर्शनजीही हसले. मग त्यांनी फडक्याखालून एक आरसा निवडून काढला, रुमालाने स्वच्छ पुसला, दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवला आणि बापूरावांच्या हातात दिला.

"श्वास सोडा यावर. तोंड उघडून."

बापूरावांनी श्वास सोडला. काच पांढुरकी झाली आणि त्या पांढऱ्यात एक स्वस्तिक लख्ख उमटलं. क्षणभर राहिलं, मग वाफेबरोबर विरून गेलं. बापूरावांनी पुन्हा श्वास सोडला. पुन्हा स्वस्तिक. त्यांनी आरसा उलटा करून बघितला, परत केला, आणि त्या संध्याकाळी त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

दुर्गाबाईंच्या आरशात कमळ आलं. शेजारच्या चैतालीच्या आरशात वेटोळं घातलेला नाग. चैतालीला लहानपणापासून फिट्स येत. हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं, त्यामुळे सुदर्शनजींनी ते ओळखल्यावर सगळी सोसायटी थक्क झाली.

तनुजा स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. ती दुर्गाबाईंची सून. सात आठवड्यांपूर्वी, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, तिचं बाळ गेलं होतं. त्याच्यासाठी आतली छोटी खोली सजवायची असं तिने आणि अभयने ठरवलं होतं. खोली अंधारी, खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची भिंत. पण खिडकीच्या समोर आरसा लावला तर खोली मोठी आणि उजेडाची वाटते, असं अभयने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून दोघांनी आळंदी रस्त्यावरच्या त्या दुकानात एक गोल आरसा आणि भिंतीवर लावायचे कागदी पक्षी पसंत करून ठेवले होते. बाळ गेल्यावर दुर्गाबाई ती ऑर्डर रद्द करायला गेल्या. काउंटरवर त्यांना रडू आवरेना. दुकानाच्या मालकांनी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या घरी आल्या तेव्हा ऑर्डर रद्द झाली नव्हती, वाढली होती.

"सूनबाई," सुदर्शनजींनी हाक मारली.

तनुजाला उठायचं नव्हतं. पण चाळीस माणसं वळून बघत असताना बसून राहायला जी ताकद लागते ती तिच्याकडे तेव्हा नव्हती. ती पुढे गेली. तोच गोल आरसा होता, दोघांनी पसंत केलेला. तिने श्वास सोडला.

काचेवर एक हात उमटला. पाच बोटांचा, गुबगुबीत, लहान मुलाचा तळहात.

हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. त्या दुर्गाबाई होत्या.

"जन्म न घेतलेला जीव," सुदर्शनजी माईकमध्ये हळू आवाजात म्हणाले. "पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. काचेत अडकलाय. आईची हाक ऐकतोय."

तनुजाने पुन्हा श्वास सोडला. कुणी सांगितलं म्हणून नाही.

*

उपाय एकवीस दिवसांचा होता. आतल्या खोलीच्या चारही भिंतींवर नऊ आरसे लागले. खिडकीला काळा कागद चिकटवला, कारण बाहेरच्या उजेडाने जीवाची वाट चुकते. तनुजाने त्या खोलीत राहायचं, जेवण तिथेच, दिवसातून तीनदा गोल आरशावर श्वास सोडून बाळाशी बोलायचं. न्हाणीघरापुरतं बाहेर यायचं, तेही कुणाशी न बोलता. मोबाईल दुर्गाबाईंच्या कपाटात गेला. "मोबाईलची काच म्हणजे आरसाच," सुदर्शनजी म्हणाले, "खिशातला. सगळ्यात घातक."

"एकवीस दिवसच तर आहेत, तनू," अभय म्हणाला. तो हिंजवडीला कामाला होता. सकाळी साडेसातला निघायचा, रात्री थकून यायचा, आणि बाळ गेल्यापासून त्याला कुठल्याच गोष्टीला नाही म्हणता येत नव्हतं. "आईचं समाधान होईल. तुझ्या क्लिनिकमध्ये मी कळवतो."

तनुजा एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पाच वर्षं तिने तिथे डॉक्टरांना हत्यारं हातात दिली होती, घाबरलेल्या पेशंटांचे खांदे धरले होते. बाळानंतर ती तीन आठवड्यांनी कामावर रुजू झाली होती, आणि दिवसातले ते सात तासच तिला जरा श्वास घेता यायचा. तेही गेले.

दाराला कुलूप नव्हतं. दुर्गाबाई हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसायच्या, पोथी वाचायच्या, भाजी निवडायच्या. दार उघडलं की मान वर करायच्या. रागाने नाही, काकुळतीने. त्या काकुळतीपुढून चालत जाणं कुलूप तोडण्यापेक्षा अवघड होतं.

आणि आत नऊ आरसे. कुठेही बसलं तरी समोर स्वतःच. पाठ फिरवली तर दुसऱ्या आरशात पाठ, आणि त्या पाठीकडे बघणारा स्वतःचाच चेहरा. जेवताना नऊ जणी जेवायच्या. रडली तर नऊ जणी रडायच्या. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीच्या कडेला, दोन आरशांच्या मधोमध, जिथून आपण स्वतःला कमीत कमी दिसू अशी हातभर जागा शोधून काढली आणि तिथे सतरंजी टाकली.

पण गोल आरशापासून तिला लांब राहता येईना. दिवसातून तीनदा श्वास सोडायचा होता. ती तीस वेळा सोडायची. हात यायचा, विरायचा. ती त्याला नाव घेऊन हाक मारायची. ते नाव तिने अभयलाही सांगितलं नव्हतं. ती विज्ञान शाखेची बारावी पास होती, गणपतीच्या आरतीपलीकडे फार काही न करणारी. इतर कुणी असं करताना दिसलं असतं तर तिला हसू आलं असतं. पण रिकाम्या झालेल्या कुशीला कुणी हात दाखवला, तर तो खरा की खोटा हे विचारायला माणूस लगेच धजत नाही.

अकराव्या दिवशी दुपारी तिने त्या हाताचा मुका घेतला. डिसेंबरची थंडी होती, ओठ फुटले होते, त्यांना व्हॅसलीन लावलेलं होतं. काच गार लागली. तिने ओढणीने पुसली आणि ती सतरंजीवर जाऊन पडली.

संध्याकाळी तिने श्वास सोडला तेव्हा हात आला, आणि हाताशेजारी दोन ओठ आले.

ती बघत राहिली. ओठ तिचेच होते. खालच्या ओठाची भेग सुद्धा दिसत होती. वाफ विरली, ओठ गेले. पुन्हा श्वास, पुन्हा हात, पुन्हा ओठ. हात बाळाचा, कारण बाळ काचेत अडकलं होतं. मग ओठ कुणाचे? ती तर बाहेर उभी होती. ती तर जिवंत होती.

मग तिला दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसा आठवला. पेशंटच्या श्वासाने तो धुरकट व्हायचा आणि डॉक्टरांना दात दिसायचा नाही. म्हणून तनुजा तो आधी साबणाच्या पाण्याचं बोट लावून कोरडा पुसून ठेवायची. मग त्यावर वाफ धरायची नाही. दिवसाला पंधरा-वीस वेळा, पाच वर्षं, तिने हे केलं होतं.

ती न्हाणीघरात गेली, आंघोळीच्या साबणावर ओलं बोट फिरवून आली, दाराजवळच्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली आणि ओढणीने चमकेपर्यंत पुसली. काच स्वच्छ दिसत होती. तिने श्वास सोडला. पांढऱ्या वाफेत तिची रेघ उभी राहिली.

खरं कळलं की माणूस आनंदी होतो असं म्हणतात. तनुजा झाली नाही. ती गोल आरशापुढे गेली आणि त्या हातावर पुन्हा श्वास सोडला, आणि पुढचे दोन दिवस सोडत राहिली. साबण आहे हे माहीत असून.

*

चौदाव्या दिवशी ताट आत ठेवताना दुर्गाबाई म्हणाल्या, "चैतालीचंही ठरलं. तुझं आटपलं की तिच्या घरी आरसे. येत्या गुरुवारपासून गोळ्या बंद. सुदर्शनजी म्हणाले, गोळ्या आणि आरसा एकत्र चालत नाहीत."

तनुजाने हातातला घास खाली ठेवला. "फिटच्या गोळ्या?"

"इतकी वर्षं खाऊन काय झालं?"

"आई, फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर माणूस मरू शकतं. आणि आरशात काही नाहीये. साबण आहे. मी दाखवते, इकडे या."

दुर्गाबाई आल्या नाहीत. त्यांनी दाराची चौकट धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. "म्हणाले होते ते. म्हणाले होते, ती मध्येच म्हणेल हे सगळं खोटं आहे. तेव्हा समजा, बाधा बोलतेय, सुटका जवळ आली."

सुदर्शनजींनी माणसांच्या मनातले ग्रहही सजवून ठेवले होते. हो म्हटलं तर ते खरे, नाही म्हटलं तर ते जास्त खरे. बोलून बाहेर पडायचा जो एकच रस्ता होता, तिथेही त्यांनी आधीच आरसा टांगून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अभयला दाराशी गाठलं. तो बूट घालत होता. "फक्त दोन मिनिटं आत ये, तुला काहीतरी दाखवायचंय," ती म्हणाली.

"सहा दिवस राहिलेत, तनू. आता शेवटी नको ना," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. आणि गेला.

तेव्हा तिने ठरवलं, की आता बोलायचं नाही. चाळीस माणसांसमोर हे सुरू झालं होतं, चाळीस माणसांसमोरच संपवायचं.

एकविसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, दुर्गाबाई प्रसादाचा शिरा भाजत असताना, तिने पंचा ओला केला आणि गोल आरशापुढे उभी राहिली. एकदा श्वास सोडला. हात आला. तो पूर्ण विरेपर्यंत ती थांबली. मग तिने काच पुसली, धुतली, पुन्हा पुसली. श्वास सोडला. सगळी काच पांढरी झाली, आणि तीत काहीच नव्हतं. ती खाली बसली आणि आवाज न करता रडली. गेल्या तीन आठवड्यांतलं हे पहिलं रडणं होतं, ज्याचं उत्तर कुणी काचेतून दिलं नाही.

मग उठून तिने साबण आणला.

*

संध्याकाळी पुन्हा चपला दुसऱ्या मजल्यावर गेल्या. जेवढे आत मावले ते खोलीत, बाकीचे दारातून माना उंचावून. चैताली पुढेच बसली होती, हातात ओटीचं सामान. अभय लवकर आला होता. सुदर्शनजींनी चांदीच्या गडूतून मुक्तिजल आणलं होतं. त्या पाण्याने गोल आरसा पुसायचा, म्हणजे हात कायमचा दिसेनासा होणार, म्हणजे जीव सुटला.

"शेवटचं दर्शन," ते म्हणाले. "आजीने घ्यावं."

दुर्गाबाई आरशापुढे गेल्या. हात जोडले, श्वास सोडला. काच पांढरी झाली आणि तीत अक्षरं उमटली: बाळ इथे नाही.

सुदर्शनजींचा हात गडूवर थबकला. पण तो गडी धंद्यात मुरलेला होता. "वा," ते म्हणाले. "वीस वर्षांत असं बघितलं नाही मी. बाळाने स्वतः लिहून निरोप दिलाय. मुक्ती झाली."

सगळ्यांचे हात जोडले गेले. कुणीतरी मोबाईल वर धरला. तनुजाला क्षणभर वाटलं, आपण पुन्हा आत अडकलो. आपलाच पुरावा त्याने उचलून स्वतःच्या खिशात घातला.

"मी लिहिलंय ते," ती म्हणाली.

"तुझा हात, ताई. लिहवून घेणारा तो."

"पाच महिन्यांचा जीव, आणि शुद्धलेखन बिनचूक," बापूराव मागून पुटपुटले. तीन आठवड्यांनी त्यांना कंठ फुटला होता.

"काका, तुमच्या शेजारच्या आरशावर श्वास सोडा," तनुजा म्हणाली. "तिथेही त्यानेच लिहवून घेतलंय."

बापूराव वाकले. श्वास सोडला आणि मोठ्याने वाचलं, "आंघोळीचा साबण."

कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. सुदर्शनजींचा आवाज चढला. "बाधा आहे ही. शेवटच्या घटकेला उसळी मारते. धरा तिला कुणीतरी, बसवा खाली."

अभय पुढे झाला. तनुजाने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने तिला धरलं नाही.

"आई, तुमचा हात द्या," तनुजा म्हणाली.

दुर्गाबाईंना काही कळायच्या आत तिने ओला साबण त्यांच्या उजव्या तळव्यावर फिरवला, तो हात तिसऱ्या, कोऱ्या आरशावर दाबला, दहा आकडे मोजले आणि बाजूला घेतला. काच वाळू दिली. चैतालीच्या हातातलं कोरं ब्लाऊजपीस घेऊन तिच्याकडूनच ती पुसून घेतली. "काही दिसतंय?"

"काही नाही," चैताली म्हणाली.

"श्वास सोड."

चैतालीने श्वास सोडला. दुर्गाबाईंचा हात उमटला. रुंद तळवा, संधिवाताने वाकडी झालेली करंगळी, अनामिकेवर अंगठीचं कडं.

"आई," तनुजा म्हणाली, "तुम्ही जिवंत आहात ना? मग तुम्ही आरशात कधी अडकलात?"

दुर्गाबाई स्वतःच्या हाताकडे आणि काचेतल्या हाताकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"श्वासातलं पाणी काचेवर बारीक थेंब होऊन बसतं, म्हणून काच पांढरी दिसते," तनुजा सगळ्यांना म्हणाली. तिचा आवाज आता दवाखान्यातला होता, घाबरलेल्या पेशंटशी बोलायचा. "साबण लागलेल्या जागी थेंब होत नाहीत, पाणी पसरून जातं, म्हणून तेवढीच जागा स्वच्छ राहते. स्वस्तिकाचा शिक्का साबणात बुडवला की स्वस्तिक. नागाचा बुडवला की नाग. कुणाला कुठला आरसा द्यायचा ते यांनी आधीच ठरवलेलं होतं. चैतालीच्या फिट्सचं आणि माझ्या बाळाचं सुदर्शनजींना आपल्याच लोकांनी सांगितलं होतं."

"पण तो हात," दुर्गाबाई म्हणाल्या. "तो हात तरी बाळाचा…"

"आई, बाळाचा हात मी बघितलाय. हॉस्पिटलमध्ये नर्सने दाखवला मला. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. यांनी दाखवला तो वर्षाच्या मुलाचा होता. मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मीच बघायचं नाही असं ठरवलं होतं."

सुदर्शनजी पिशवी आवरत होते. चैतालीने त्यांना विचारलं, "आणि माझ्या गोळ्या?"

"गोळ्या बंद करा असं मी कधीच म्हटलेलं नाही."

चैतालीने मोबाईल काढला आणि त्यांच्याच आवाजातला निरोप लावला. सगळ्यांनी तो नीट ऐकला, ‘गोळ्या आणि आरसा एकत्र चालत नाहीत’ पर्यंत. बापूराव तोवर दारात जाऊन उभे राहिले होते. "पिशवी उघडून दाखवता का जरा? काचेप्रमाणे आम्हालाही स्मरणशक्ती आहे." सुदर्शनजींनी पिशवी उघडली नाही. ती छातीशी धरून, बापूरावांना बाजूला सारून, ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभयने रजा टाकली. तो, तनुजा आणि चैताली पोलीस चौकीत गेले आणि तक्रार दिली. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, हे अभयला तिथेच कळलं.

दुर्गाबाईंनी सुनेची माफी मागितली नाही. तसे शब्द त्यांना आयुष्यात कुणी शिकवले नव्हते. त्या गुरुवारी रात्री लोक गेल्यावर त्या आतल्या खोलीत आल्या आणि खिडकीवरचा काळा कागद नखांनी खरवडून काढू लागल्या. तनुजाही शेजारी उभी राहून काढू लागली. बऱ्याच वेळाने दुर्गाबाईंनी विचारलं, "नाव ठरवलं होतंस?" तनुजाने सांगितलं. सासू-सून पहिल्यांदा एकत्र रडल्या.

दुर्गाबाई मूर्ख नव्हत्या, हे शेवटी सांगायला हवं. तनुजाही नव्हती, बापूरावही नव्हते. दुःखात माणूस आधार शोधतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज त्याची, जो त्या दुःखाचं गिऱ्हाईक करतो. अशा माणसाचं सगळं दुकान एकाच भरवशावर चालतं: समोरचा काचेला बोट लावून बघणार नाही, प्रश्न विचारणार नाही, आणि कुणी विचारलाच तर बाकीचे त्यालाच वेडा ठरवतील. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा हात लावून बघा. स्वतः करून बघा, दुसऱ्याला करायला सांगा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला दाराबाहेर काढा. आणि घरातलं कुणी म्हणालं, की हे खोटं आहे, तर त्याला खोलीत कोंडू नका. त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या.